शंभर भरल्या, बेरीज मात्र अकराने जास्त

पिशवीवरच्या चिठ्ठीत निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘दोन्ही खेळ पूर्ण. मोठ्यातल्या १०० टाइल्स मोजून पाहिल्या आहेत.’ उत्तर लंडनमधलं एक चॅरिटी शॉप (दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणारं दुकान), शनिवारची दुपार, बाहेर नेहमीची रिपरिप. रबरबँड लावून दोन खेळ एकत्र बांधलेले. एक हिरव्या प्लास्टिकच्या पेटीतला प्रवासी स्क्रॅबल (पटावर अक्षरांच्या टाइल्स लावून शब्द करायचे आणि टाइल्सवरचे गुण मिळवायचे, तो खेळ), दुसरा पुठ्ठ्याच्या डब्यातला स्क्रॅबल ज्युनिअर. दोन्ही मिळून चार पौंड. मी मुकाट्याने दिले. (चॅरिटी शॉपात घासाघीस करायची नसते हे मला इथे आल्यावर दोन वर्षांनी कळलं. मंडईची सवय लवकर सुटत नाही.)

या चार पौंडांच्या खरेदीने माझे पुढचे चार-पाच महिने खाल्ले. त्यात मी एक चूकही केली, आणि ती पूर्ण निस्तरता आली नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतेय.

माझ्याकडे चाळीसेक स्क्रॅबल आहेत आणि त्यांत एकही मोठा नाही. लाकडी टाइल्सचा, गोल फिरणाऱ्या पटाचा डिलक्स संच मी मुद्दाम घेत नाही. तसे संच दिवाणखान्यातल्या कपाटात राहतात, नाताळात एकदा बाहेर येतात, आणि तीस वर्षांनी मिळाले तरी बहुतेक धड असतात. प्रवासी आणि मुलांच्या आवृत्त्यांचं तसं नाही. त्या आगगाडीत, तंबूत, दवाखान्याच्या बाकावर, गाडीच्या मागच्या सीटवर खेळल्या जातात. सांडतात, चावल्या जातात, वाळूत पडतात. त्यामुळे त्या फारशा टिकत नाहीत, आणि टिकल्या तर काहीतरी अंगावर घेऊन येतात.

शिवाय प्रत्येक प्रवासी आवृत्ती म्हणजे एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर असतं. गाडी वळली, बोट डुलली, तर टाइल जागेवर कशी राहायची? कुणी चुंबक लावतं. कुणी पटाला उंच कडा देऊन प्रत्येक घराची छोटी वाटी करतं. कुणी कापडी चेनच्या पाकिटात घडीचा पट बसवतं. या हिरव्या पेटीतल्या टाइल्सच्या पाठीला खाच होती आणि पटाच्या प्रत्येक घरात बारीक उंचवटा. टाइल ठेवून अंगठ्याने दाबली की ‘टक्’ व्हायचं. डाव अर्ध्यावर असताना पेटी मिटून पिशवीत टाकायची आणि पुढच्या स्टेशनावर उघडायची. मला तो आवाज फार आवडतो. नवरा म्हणतो, चाळीस खेळांपैकी पंचवीस तू नुसत्या टकटकीसाठी घेतलेस.

पेटीच्या तळाशी जे. डब्ल्यू. स्पिअर अँड सन्स हे नाव होतं. ते वाचून मला थोडं घरचंच कुणी भेटल्यासारखं झालं, कारण हा कारखाना आमच्या बाजूला, एनफील्डमध्ये होता. मूळ घराणं जर्मनीचं, ज्यू. १८७९ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या फ्युर्थ गावात धंदा सुरू झाला, एनफील्डचा कारखाना १९३२ मध्ये. नाझी राजवटीत जर्मनीतला कारखाना कुटुंबाच्या हातून गेला, इंग्लंडमधला राहिला आणि युद्धानंतर याच कारखान्याला स्क्रॅबलने मोठं केलं. (महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापनाही १९३२ चीच. एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ती दोन सालं शेजारी बसली आहेत.) १९९४ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने स्पिअर कंपनी घेतली. तेव्हापासून अमेरिका आणि कॅनडात स्क्रॅबल हॅस्ब्रोचा, बाकी जगात मॅटेलचा. म्हणून तळाचं नाव वाचणं हे या छंदातलं पहिलं काम. त्याने साल नेमकं कळत नाही, पण ही पेटी नव्वदच्या दशकाच्या मध्यापलीकडची नसावी, इतका अंदाज येतो.

मोजणी

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. गोळ्या मोजायचा एक जुना ट्रे आणि चपटी पट्टी माझ्याकडे घरी आहे. पट्टीने पाच-पाच सरकवत गेलं की चूक होत नाही. त्याच ट्रेवर मी टाइल्स मोजते. शंभर भरल्या. चिठ्ठी लिहिणारा माणूस खोटं बोलत नव्हता.

दुसरी पायरी अक्षरवार. इंग्रजी स्क्रॅबलची वाटणी ठरलेली आहे. ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६, एल, एस, यू, डी ४-४, जी ३, पुढे नऊ अक्षरं दोन-दोन, के, जे, एक्स, क्यू, झेड एकेक, आणि दोन कोऱ्या, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणाऱ्या. हे सगळं आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने ठरवलं. तिसाच्या दशकातल्या मंदीत त्याची नोकरी गेली होती. रिकाम्या वेळात तो वर्तमानपत्रं घेऊन बसायचा, त्यांत न्यूयॉर्क टाइम्सचं पहिलं पानही होतं, आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचा. एस मात्र त्याने जाणूनबुजून चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दामागे एस लावून अनेकवचन करत सुटला असता. पुढे जेम्स ब्रुनो या गृहस्थाने खेळ हाती घेऊन त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं, ते १९४८ मध्ये. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात बट्स राहायचा. तिथल्या रस्त्याच्या पाटीवर अक्षरांखाली बारीक गुण लिहिलेले आहेत. तिथे जाऊन एक फोटो काढायचा, हे माझं अजून राहिलेलं काम आहे.

अक्षरवारही सगळं जुळलं. ई बारा, डब्ल्यू दोन, वाय दोन, कोऱ्या दोन. इथे बहुतेक जण थांबतात आणि वहीत ‘पूर्ण’ लिहितात. मी तिसरी मोजणी निव्वळ सवयीने करते, जशी कामावर कंट्रोल्ड औषधांची दोनदा होते तशी. सगळ्या टाइल्सवरचे गुण मिळवायचे. पूर्ण इंग्रजी संचाची बेरीज १८७ येते. एक-एक गुणाच्या ६८ टाइल्स, दोनच्या सात, तीनच्या आठ, चारच्या दहा, के पाच, जे आणि एक्स आठ-आठ, क्यू आणि झेड दहा-दहा, कोऱ्या शून्य.

बेरीज आली १९८.

पुन्हा केली. पुन्हा १९८. अकरा जास्त. कमी आली असती तर समजलं असतं, काहीतरी हरवलंय. पण अक्षरं बरोबर, संख्या बरोबर आणि गुण जास्त, म्हणजे एखाद्या अक्षराची किंमतच चुकीची होती. मी टाइल्स चार-चारच्या रांगांत लावल्या, खिडकीपाशी नेल्या, मोबाइलवर फोटो काढला आणि एकेक वाचत गेले. दोन डब्ल्यूंपैकी एकावर ४ होते, दुसऱ्यावर १०. वायचंही तसंच, एक चारचा आणि एक दहाचा. आणि एका एमवर तीनऐवजी दोन. सहा अधिक सहा वजा एक, अकरा.

दहाचा डब्ल्यू कुठून आला

हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण माझ्या कपाटात एक फ्रेंच प्रवासी संच आहे. स्क्रॅबलची वाटणी आणि गुण भाषेगणिक बदलतात. फ्रेंच संचात १०२ टाइल्स असतात, ई पंधरा. के, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड या पाचही अक्षरांना दहा-दहा गुण, कारण फ्रेंचमध्ये ती फार कमी लागतात. उलट क्यू तिथे आठचाच, कारण त्यांच्या रोजच्या शब्दांत क्यू भरपूर. एम दोनचा. म्हणजे दहाचा डब्ल्यू, दहाचा वाय आणि दोनचा एम हे तिघे एकाच गावचे पाहुणे.

मग साहजिक पुढचा प्रश्न. हे तीन पाहुणे त्यांच्या गुणांमुळे पकडले गेले. पण ई, ए, आर, टी, एन, एस यांना इंग्रजीत एक गुण आणि फ्रेंचमध्येही एकच. असला पाहुणा बेरजेत सापडणारच नाही. तेव्हा रंग बघायचा. फ्रेंच डब्ल्यू, वाय आणि एम मध्ये ठेवले आणि बाकीच्या ९७ एकेक करून त्यांच्या शेजारी धरल्या. इंग्रजी टाइल्स दुधाळ पिवळ्या झाल्या होत्या, साय धरलेल्या दुधासारख्या. पाहुणे जास्त पांढरे, आणि त्यांच्यावरचा आकडा किंचित बारीक. अर्ध्या तासाने आणखी चार सापडल्या. एक ई, एक ए, एक आर, एक टी. एकूण सात.

ट्यूबलाइटखाली हा फरक दिसत नाही. दिवसाच्या उजेडात, तेही थेट उन्हात नव्हे, दिसतो. ज्यांना जुन्या संचांची भेसळ तपासायची असेल त्यांनी हे काम संध्याकाळी करू नये.

आणि डाग काढायला स्पिरिटचा बोळा तर मुळीच नको. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. मी पूर्वी एकदा एका वेगळ्या संचावर शहाणपणा केला होता. हाताशी आयसोप्रोपिल अल्कोहोल असतंच. एका पुसण्यात आयचा आय गेला आणि माझ्याकडे जगातला एकमेव तीन कोऱ्या टाइल्सचा संच तयार झाला.

माझी चूक

तर सात परक्या टाइल्स. माझ्याकडे त्याच घडणीच्या सुट्या इंग्रजी टाइल्स होत्या, पट फुटल्यामुळे कुणीतरी नुसत्या पिशवीत विकलेल्या. मिडलंड्समधल्या एका अनुभवी संग्राहक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बदलून टाक, संच शुद्ध कर, त्यात विचार काय करायचा. मी तसंच केलं. सात फ्रेंच टाइल्स काढल्या, सात इंग्रजी बसवल्या, बेरीज १८७ आली. वहीत लिहिलं, ‘पूर्ण, दुरुस्त केलेला.’ आणि काढलेल्या सातही टाइल्स, काही विचार न करता, सुट्या टाइल्सच्या बरणीत टाकल्या. मुरांब्याची रिकामी बरणी. तिच्यात वेगवेगळ्या संचांतल्या दोनेकशे टाइल्स आहेत.

आठवडाभराने पेटी धुवायला काढली. टाइल्स ठेवायच्या पट्ट्या झाकणात एका कप्प्यात बसतात. तो कप्पा नखाने उचकटला तर खालून घडी घातलेला कागद सरकला. एका बाजूला कॉफी आणि सँडविचची छापील पावती, रक्कम फ्रँकमध्ये. दुसऱ्या बाजूला पेन्सिलने चार रकाने, वर चार आद्याक्षरं, खाली गुण. चौथ्या रकान्यातले आकडे लहान मुलाच्या हातचे वाटत होते, तीन उलटा काढलेला. मधे एका ठिकाणी २४ खोडून १८ केलेले.

फ्रँकच्या नोटा-नाणी २००२ च्या फेब्रुवारीत चलनातून गेली. म्हणजे हा डाव त्याआधीचा, फ्रान्सच्या वाटेवर बोटीतला किंवा फ्रान्समधला. आणि मला एकदम दिसलं की मी काय करून बसले आहे. एक इंग्रज कुटुंब सुट्टीवर गेलं. वाटेत सात टाइल्स हरवल्या, कदाचित त्याच मुलाच्या हातून. त्यांनी तिकडे एक फ्रेंच संच घेतला, त्यातून नेमकी हरवलेली सात अक्षरं काढून आपल्या पेटीत बसवली, आणि खेळ पुढे चालू ठेवला. यातला बराचसा माझा तर्क आहे, हे मी मान्य करते. पण ती सात अक्षरं भेसळ म्हणून आलेली नव्हती. ती त्या कुटुंबाने केलेली दुरुस्ती होती. मी त्यांची दुरुस्ती काढून माझी बसवली, आणि तिला शुद्धीकरण म्हटलं.

बरणी ट्रेवर ओतली. दहाचा डब्ल्यू, दहाचा वाय आणि दोनचा एम लगेच मिळाले, बरणीत तसे दुसरे नव्हतेच. बाकी चारांसाठी मोबाइलमधला तो फोटो मोठा करून बसले. टीच्या आडव्या रेघेला शाईचा फराटा होता, तो सापडला. ईच्या डाव्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, तोही सापडला. ए आणि आर मात्र अगदी स्वच्छ होते. त्या रंगाचे ए बरणीत तीन निघाले, आर दोन. पटावर दाबून पाहिले, सगळे सारखेच टक् करतात. मी त्यातल्या त्यात पांढरा ए आणि पांढरा आर निवडला. वहीत ‘पूर्ण, दुरुस्त केलेला’ खोडून आता असं आहे: ‘९३ मूळच्या, ५ आधीच्या मालकांनी बदललेल्या, २ (ए, आर) मी गोंधळ घातल्यामुळे अनुमानाने.’

बाईंना पुन्हा फोन केला. त्यांचं मत बदललं नाही. त्यांच्या मते खेळ खेळता यायला हवा, आणि इंग्रजी पटावर दहाचा डब्ल्यू असेल तर तो खेळ राहत नाही, आठवण होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दुर्मीळ किंवा महागडा संच असता तर मीही मूळ घडणीची टाइल शोधली असती. पण प्रवासी आवृत्तीचा नवाकोरा संच हवा असेल तर तो अजूनही कुठेतरी डब्यात न उघडता पडलेला मिळतो. बोटीवर दुरुस्त केलेला मिळत नाही.

आता मी काढलेली प्रत्येक टाइल आपापल्या संचाच्या पेटीतच, औषधाच्या छोट्या झिपच्या पाकिटात ठेवते, वर तारीख घालून. मुरांब्याची बरणी बंद.

ज्युनिअरचा डबा

या सगळ्यात रबरबँडच्या दुसऱ्या भावाकडे मी दुर्लक्ष केलं होतं. (रबरबँड आल्या आल्या काढून टाकावा. जुना झाला की तो चिकट होऊन पुठ्ठ्याचा छापील थर सोबत घेऊन निघतो. इथेही डब्याच्या कडेला त्याची तपकिरी रेघ उमटलीच होती.)

ज्युनिअरचा पट दोन्ही बाजूंनी वापरायचा असतो. एका बाजूला शब्द छापलेलेच असतात, शेजारी चित्रं. मुलाने आपल्या हातातली अक्षरं त्या छापील अक्षरांवर ठेवत जायचं, आणि ज्याच्या टाइलने शब्द पूर्ण होईल त्याला बक्षीस म्हणून चकती. स्पेलिंग यायलाच हवं असं नाही, अक्षर ओळखता आलं की पुरे. दुसरी बाजू कोरी, थोड्या मोठ्या मुलांनी स्वतःचे शब्द करायची. पाच वर्षांचं मूल आणि आठ वर्षांचं मूल एकाच डब्यात सामावण्याची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. मोठ्यांच्या स्क्रॅबलमध्ये लहान मूल पहिल्या दहा मिनिटांत हरतं आणि मग टाइल्सचे मनोरे करायला लागतं.

मुलांच्या आवृत्तीची पूर्णता तपासणं मोठ्यांच्यापेक्षा अवघड. अक्षरवाटणी आवृत्तीगणिक वेगळी, आणि नियमांचा कागद सगळ्यात आधी गहाळ होतो. इथेही नव्हता. पण पटच यादीचं काम करतो. छापील बाजूवरचे सगळे शब्द झाकता आलेच पाहिजेत, नाहीतर डाव संपणारच नाही. म्हणून मी पटावर छापलेली अक्षरं मोजून तक्ता केला आणि टाइल्स त्यावर मांडत गेले.

शेवटी तीन घरं उघडी राहिली आणि हातात तीन विचित्र तुकडे. आकाराने टाइल्सएवढे, पण सीरिअलच्या खोक्याचे. पुढे फेल्टपेनने अक्षर, मागे खोक्याची नारिंगी छपाई, एकाच्या मागे बारकोडच्या चार रेघा. कात्रीची कड वाकडी. एक पी, एक जी, एक के. केची एक तंगडी जागा पुरली नाही म्हणून वर वळवलेली. उघडी घरं पी, जी आणि के यांचीच होती. एकाच कुटुंबातल्या, टाइल्स हरवलेल्या दोन संचांची दोन प्रकारे झालेली डागडुजी माझ्यापुढे होती. मोठ्यांनी दुकानातून विकत आणली, मुलाने कात्रीने केली. विकणाऱ्याने हे तुकडे धरून ‘पूर्ण’ लिहिलं होतं, आणि आता मला त्याच्याशी भांडायचं काही कारण उरलं नव्हतं.

हा पट व्हिडिओ कॉलवर ताईला दाखवला तेव्हा तिने तोच प्रश्न विचारला जो प्रत्येक मराठी माणूस विचारतो, मराठीत असं का नाही करत? प्रयत्न होतात, पण अडचण घरांची आहे. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, ‘की’ एका घरात, ‘स्त्री’ही एका घरात. पेन्सिलने लिहायचं असेल तर ठीक. पण टाइल्स करायच्या म्हटल्या तर क, का, कि, की, कु, कू अशी बाराखडी आणि वर जोडाक्षरं, शेकडोंनी लागतील. मात्रा सुट्या केल्या तर पहिली वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी, मग टाइल कुठल्या घरात ठेवायची? बट्ससाहेबांना सव्वीसच मोजायची होती. ताई म्हणाली, आपल्याला व्यापारच बरा होता, त्यात नुसतं भाडं द्यायचं.

२४ आणि १८

ऑगस्टमध्ये ताई नऊ वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन पुण्याहून आली. त्याने दोन दिवसांत ज्युनिअर उडवून लावला (‘मावशी, हे बेबी लोकांचं आहे’) आणि सीरिअलच्या तुकड्यांवर मात्र पाच मिनिटं खर्च केली. चार खोल्या आणि चाळीस स्क्रॅबल असलेल्या घरात त्याला खेळायला हवी होती ती हिरवी पेटीच, कारण ती ‘टक् करते’.

गुण लिहायचं काम त्याच्याकडे. तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्याने डब्ल्यू, ई, टी लावून ‘वेट’ केलं. साध्या घरांवर, गुण दुप्पट-तिप्पट करणारं रंगीत घर एकही नाही. कागदावर लिहिलं १२.

“सहा,” मी म्हटलं. “डब्ल्यू चारचा.”

“दहा लिहिलंय त्यावर.”

“ती फ्रेंच टाइल आहे रे. इंग्रजीत डब्ल्यूला चारच.”

“पण मावशी, त्यावर दहा लिहिलंय.”

ताई आतून ओरडली की मावशीशी वाद घालू नकोस. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, १२ वर रेघ मारली आणि शेजारी ६ लिहिलं. लिहिताना हात थांबला. उठून कपाटातून तो घडी घातलेला पावतीचा कागद आणला. २४ खोडून १८. फरक सहाचा. दहा वजा चार. त्या बोटीवर किंवा तिकडच्या कॅफेत कुणीतरी दहाचा डब्ल्यू किंवा वाय ठेवून चोवीस मागितले होते, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने ते अठरा केले होते. हा कागद आणि त्या सात टाइल्स एकाच खेळातल्या आहेत, याला एवढा वेळ माझ्याकडे फक्त तर्क होता. आता अंकगणित होतं. खोडलेला आकडा कुणाच्या रकान्यात आहे ते पाहिलं. चौथ्या. उलटा तीन काढणाऱ्याच्या.

मी त्याला दोन्ही कागद शेजारी धरून दाखवले आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग पेन्सिल परत घेतली, माझा ६ खोडला, आणि बाजूला मोठ्या अक्षरात १२ लिहून त्याभोवती गोल काढला.

डाव तोच जिंकला. दोन्ही कागद आता त्या कप्प्याखाली आहेत.